एचआयव्ही संपर्कोत्तर प्रतिबंधक चिकित्सा

एचआयव्ही या व्हायरसाने बाधित असलेल्या, किंवा तसा संभव असलेल्या, व्यक्तीचे रक्त अथवा अन्य शरीरद्रव दुसऱ्या व्यक्तीच्या शरीरात शिरण्याचा प्रसंग आल्यास, संसर्ग पक्का होण्यापूर्वीच व्हायरसरोधी औषधे ठराविक काळ देऊन तो टाळण्याच्या उपचारपद्धतीस संपर्कोत्तर प्रतिबंधक चिकित्सा म्हणतात. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून रुग्णालयीन व्यवहारात ती ‘पेप’ या नावाने ओळखली जाते. ही चिकित्सा म्हणजे लस नव्हे; तिच्यामुळे शरीरात कायम स्वरूपाची प्रतिकारक्षमता निर्माण होत नाही. प्रत्येक नव्या संपर्कानंतर तिचा स्वतंत्रपणे विचार करावा लागतो. एड्स झालेल्या किंवा एचआयव्हीबाधित व्यक्तीस आयुष्यभर द्यावयाच्या औषधोपचाराहूनही ती भिन्न आहे, कारण तिचा कालावधी केवळ २८ दिवसांचा असतो.

वैद्य, परिचारिका, प्रयोगशाळा-तंत्रज्ञ, वॉर्डबॉय, आया, शस्त्रक्रियागृहातील मदतनीस, सफाई कामगार, रुग्णवाहिकेवरील कर्मचारी आणि जैववैद्यकीय कचरा उचलणारे कामगार यांना आपल्या कामामुळे असा संपर्क घडण्याचा संभव असतो. लैंगिक अत्याचारास बळी पडलेल्या व्यक्तींसाठीही ही चिकित्सा वापरतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे आरोग्यसेवकांच्या संदर्भात तिचा विचार केला आहे. औषधे उपलब्ध असूनही ती वेळेत घेतली न जाणे, ही ह्या चिकित्सेसंबंधीची सर्वांत मोठी अडचण आहे आणि तिचे मूळ औषधशास्त्रापेक्षा रुग्णालयांच्या कार्यपद्धतीत अधिक आहे.

संपर्काचे स्वरूप व धोका : येथे संपर्क ह्या शब्दाचा अर्थ मर्यादित आहे. रुग्णास स्पर्श करणे, त्याची नाडी पाहणे, त्याच्या खाटेजवळ बसणे किंवा त्याची भांडी हाताळणे यांमुळे एचआयव्हीचा संसर्ग होत नाही. वापरलेली सुई टोचणे, शस्त्रक्रियेच्या पात्याने कापणे, फुटलेल्या काचनळीने जखम होणे, रक्ताचे शिंतोडे डोळ्यात, नाकात वा तोंडात उडणे आणि चिरलेल्या वा इसबाने सोललेल्या त्वचेवर रक्त सांडणे, हे संपर्काचे प्रमुख प्रकार होत. रक्त, वीर्य, योनिस्राव, मस्तिष्क-मेरुद्रव, गर्भजल तसेच फुप्फुस, हृदय व उदर यांच्या आवरणांतील द्रव संसर्गक्षम मानले जातात. घाम, अश्रू, लाळ, मूत्र व मल यांत रक्त मिसळलेले दिसत नसेल, तर त्यांच्यापासून धोका मानीत नाहीत. अखंड त्वचेवर रक्त सांडल्यास ती धुणे पुरेसे असते.

बाधित व्यक्तीच्या रक्ताने माखलेली सुई टोचल्यास एचआयव्हीचा संसर्ग होण्याचे सरासरी प्रमाण सु. ०.३%, म्हणजे हजारांत तीन, इतके आहे. डोळे, नाक व तोंड यांच्या श्लेष्मकलेवर रक्त उडाल्यास ते सु. ०.०९% असते. तुलनेसाठी पाहता, लस न घेतलेल्या व्यक्तीस ब प्रकारच्या यकृतशोथाचा (कावीळीचा) संसर्ग अशाच सुईमुळे ६ ते ३०% प्रसंगी होऊ शकतो. एचआयव्हीच्या बाबतीत हे प्रमाण कमी असले, तरी संसर्ग एकदा पक्का झाल्यावर तो शरीरातून समूळ नाहीसा करणारा सर्वसाधारण उपचार नसल्यामुळे त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. शिवाय ०.३% ही सरासरी आहे. जखम खोल असणे, सुईवर रक्त डोळ्यांना दिसण्याइतके असणे, सुई रुग्णाच्या रोहिणीत वा नीलेत घातलेली असणे आणि रुग्णाचा रोग अखेरच्या अवस्थेत असणे, ह्या परिस्थितींत धोका पुष्कळच वाढतो. उलट, टाके घालण्याच्या भरीव सुईपेक्षा इंजेक्शनच्या पोकळ सुईत अधिक रक्त राहत असल्याने दोहोंचा धोका सारखा नसतो. नियमित औषधोपचाराने ज्याच्या रक्तातील व्हायरसांची संख्या अत्यल्प झाली आहे, अशा रुग्णाकडून होणाऱ्या संसर्गाचा संभवही कमी असतो.

क्रियातत्त्व : शरीरात शिरलेला व्हायरस तत्काळ सर्वत्र पसरत नाही. प्रथम तो प्रवेशस्थानाजवळच्या प्रतिरक्षा-कोशिकांत शिरतो. तेथून पुढील दोन ते तीन दिवसांत जवळच्या लसीका ग्रंथींत पोहोचतो आणि त्यानंतर रक्तप्रवाहात आढळू लागतो. व्हायरसाचे आनुवंशिक द्रव्य कोशिकेच्या स्वतःच्या आनुवंशिक द्रव्यात एकदा गुंफले गेले, की ती कोशिका जिवंत असेपर्यंत ते तिच्यात राहते. प्रवेश आणि प्रसार यांमधील हा अल्प अवधी हाच ह्या चिकित्सेचा आधार आहे. टेनोफोव्हिर व लॅमिव्ह्यूडीन ही औषधे व्हायरसाच्या आरएनएपासून डीएनए तयार होण्याची क्रिया थांबवितात, तर डोल्युटेग्राव्हिर हे औषध तो डीएनए कोशिकेच्या आनुवंशिक द्रव्यात गुंफला जाण्यास अटकाव करते. ह्या अवधीत नव्या कोशिका बाधित होऊ शकल्या नाहीत, तर आधी बाधित झालेल्या थोड्या कोशिका नष्ट होतात व संसर्ग टळतो.

वेळ आणि कालावधी ह्या दोन्ही गोष्टींचे महत्त्व प्राण्यांवरील प्रयोगांतून स्पष्ट झाले. १९९५ व १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मॅकाक जातीच्या माकडांना एचआयव्हीशी नाते असलेला, माकडांत आढळणारा व्हायरस टोचून नंतर टेनोफोव्हिर देण्यात आले. ज्यांना २४ तासांच्या आत औषध सुरू करून ते २८ दिवस दिले, ती सर्व माकडे संसर्गापासून वाचली. ज्यांना ४८ वा ७२ तासांनी औषध सुरू केले किंवा जेमतेम ३ वा १० दिवस दिले, त्यांतील काहींना संसर्ग झाला. मानवी चिकित्सेतील ७२ तासांची कमाल मर्यादा व २८ दिवसांचा कालावधी यांना ह्या प्रयोगांचा मोठा आधार आहे.

इतिहास : एड्स ह्या रोगाचे वर्णन प्रथम १९८१ मध्ये अमेरिकेत झाले व त्याचा कारक व्हायरस १९८३ मध्ये ओळखला गेला. सुई टोचल्यामुळे आरोग्यसेवकास संसर्ग झाल्याचे पहिले वृत्त १९८४ मध्ये ब्रिटनमधून प्रसिद्ध झाले. त्यानंतर जगभरच्या रुग्णालयांत भीतीचे वातावरण पसरले. १९८७ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, रुग्णाचे निदान माहीत असो वा नसो, प्रत्येकाचे रक्त संसर्गक्षम मानून काळजी घ्यावी, असे सार्वत्रिक दक्षतेचे तत्त्व पुरस्कारिले. त्याच वर्षी झिडोव्ह्यूडीन हे पहिले एचआयव्हीरोधी औषध वापरात आले आणि संपर्कानंतर ते देऊन पाहण्यास काही ठिकाणी प्रारंभ झाला. मात्र त्याच्या उपयुक्ततेविषयी बरीच वर्षे खात्री नव्हती.

ती खात्री एका तुलनात्मक अभ्यासाने दिली. सुई टोचून संसर्ग झालेले आरोग्यसेवक आणि तशाच संपर्कानंतर संसर्ग न झालेले आरोग्यसेवक यांची माहिती अमेरिका व यूरोपीय देशांतून गोळा करण्यात आली. तिचे प्राथमिक निष्कर्ष १९९५ च्या अखेरीस व संपूर्ण अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. झिडोव्ह्यूडीन घेतलेल्यांत संसर्गाचा संभव सु. ८१ टक्क्यांनी कमी असल्याचे त्यातून दिसून आले. १९९६ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने ह्या चिकित्सेची अधिकृत शिफारस केली. चिकित्सा उपलब्ध असताना काही जणांना मुद्दाम औषधाविना ठेवणे नीतिबाह्य असल्यामुळे मानवावर याहून काटेकोर प्रयोग करता आलेला नाही. चिकित्सा घेऊनही संसर्ग झाल्याची थोडी उदाहरणे नोंदली गेली आहेत. त्यामुळे ती धोका पुष्कळ कमी करते, पण शून्यावर आणते असे म्हणता येत नाही. अमेरिकेत २०१३ पर्यंत कामाच्या ठिकाणी संसर्ग झाल्याची ५८ प्रकरणे निश्चित झाली होती. त्यांपैकी १९९९ नंतरचे केवळ एक होते.

भारतात एचआयव्हीचा संसर्ग प्रथम १९८६ मध्ये मद्रास (चेन्नई) येथे आढळला. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना (नॅको) १९९२ मध्ये अस्तित्वात आली व महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्था १९९८ मध्ये स्थापन झाली. १ एप्रिल २००४ पासून शासकीय केंद्रांतून व्हायरसरोधी औषधे विनामूल्य मिळू लागली. प्रारंभीच्या केंद्रांत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाचा समावेश होता. ह्या काळात प्रतिबंधक चिकित्सेतील औषधेही बदलत गेली. प्रारंभी कमी धोक्यासाठी झिडोव्ह्यूडीन व लॅमिव्ह्यूडीन ही दोन औषधे आणि अधिक धोक्यासाठी तिसरे औषध अशी विभागणी होती. दिवसातून दोन वेळा घ्याव्या लागणाऱ्या ह्या गोळ्यांनी मळमळ, थकवा व पांडुरोग असे उपद्रव होत आणि अनेक जण चिकित्सा मध्येच सोडून देत. पुढे धोका कमी असो वा अधिक, तीन औषधे देण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. नॅकोच्या २०२१ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार टेनोफोव्हिर ३०० मिग्रॅ., लॅमिव्ह्यूडीन ३०० मिग्रॅ. व डोल्युटेग्राव्हिर ५० मिग्रॅ. यांची एकत्रित गोळी दिवसातून एकदा देतात.

कार्यपद्धती : सुई टोचताच ती जागा वाहत्या पाण्याने व साबणाने धुवावी. बोट दाबून रक्त काढणे, ते तोंडात घालून चोखणे, जखमेवर ब्लीच, आयोडीन किंवा स्पिरिट ओतणे ह्या रूढ कृती टाळाव्यात, कारण त्यांमुळे ऊतकांस इजा होऊन व्हायरसाच्या प्रवेशास मदत होण्याचा संभव असतो. डोळ्यात रक्त उडाल्यास तो स्वच्छ पाण्याने वा लवणद्रावाने सावकाश धुवावा. साबण वापरू नये. तोंडात गेल्यास तत्काळ थुंकून अनेकदा चुळा भराव्यात.

प्रथमोपचारानंतर नियुक्त वैद्याकडे लगेच नोंद करणे ही दुसरी पायरी होय. वैद्य संपर्काचा प्रकार, जखमेची खोली, सुईचा प्रकार व रुग्णाची स्थिती यांवरून धोक्याची पातळी ठरवितो. औषधाची पहिली मात्रा शक्य तो दोन तासांच्या आत व कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांपूर्वी दिली जावी, असा दंडक आहे. रुग्णाच्या रक्ततपासणीचा निकाल येईपर्यंत पहिली मात्रा रोखून धरीत नाहीत. रुग्ण बाधित नसल्याचे निष्पन्न झाल्यास औषध पुढे थांबविता येते. रुग्णाची तपासणी त्याच्या संमतीनेच करावयाची असते. सुई कोणत्या रुग्णासाठी वापरली होती हे कळण्यास मार्ग नसेल, उदा., कचऱ्याच्या पिशवीतून बाहेर आलेली सुई सफाई कामगारास टोचली असेल, तर ती कोणत्या विभागातील होती व तेथे बाधित रुग्ण असण्याचा संभव किती, यावरून निर्णय घेतात.

औषध सुरू करताना संपर्कग्रस्त सेवकाच्या रक्ताची एचआयव्ही, ब व क प्रकारचे यकृतशोथ तसेच वृक्क (मूत्रपिंड) व यकृत यांचे कार्य यांसाठी तपासणी करतात. ह्या प्राथमिक तपासणीमुळे सेवक त्या दिवशी बाधित नव्हता, हे सिद्ध होते व पुढे संसर्ग झाल्यास तो कामामुळे झाला हे दाखविता येते. एचआयव्हीची तपासणी त्यानंतर सहा आठवडे, तीन महिने व सहा महिने झाल्यावर पुन्हा करतात. सेवकास ब यकृतशोथ आधीच असल्यास टेनोफोव्हिर व लॅमिव्ह्यूडीन बंद करताना तो उफाळण्याचा धोका असतो. म्हणून अशा वेळी तज्ञाचा सल्ला आवश्यक असतो. मळमळ, डोकेदुखी व निद्रानाश हे सामान्य उपद्रव होत. आम्लपित्तावरील काही औषधे, लोह व कॅल्शियम यांच्या गोळ्या डोल्युटेग्राव्हिरच्या शोषणात अडथळा आणतात, त्यामुळे त्या वेगळ्या वेळी घ्याव्या लागतात. क्षयरोगावरील रिफॅम्पिसीन चालू असल्यास डोल्युटेग्राव्हिरची मात्रा वाढवावी लागते. अखेरची तपासणी होईपर्यंत रक्तदान न करणे व शरीरसंबंधात निरोध वापरणे ही पथ्ये पाळावी लागतात. ती घरी समजावून सांगणे सेवकास अवघड जाते. समुपदेशन हा चिकित्सेचाच भाग मानण्याचे हे एक कारण आहे.

जाणीव व प्रत्यक्ष वापर : जागतिक आरोग्य संघटनेने २००० सालाच्या स्थितीवरून केलेल्या अंदाजानुसार, जगातील साडेतीन कोटी आरोग्यसेवकांपैकी सु. तीस लाखांना दरवर्षी रक्तजन्य व्हायरसांशी अणकुचीदार साधनांद्वारे संपर्क घडत होता व त्यातून एचआयव्हीचे सु. १,००० नवे संसर्ग संभवत होते. यांतील बहुतेक संसर्ग विकसनशील देशांतील होते.

महाराष्ट्रातील स्थितीविषयी सर्वांत बोलकी माहिती पुणे येथील बै. जी. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व ससून सर्वोपचार रुग्णालय येथील अभ्यासातून मिळते. जानेवारी २००३ ते डिसेंबर २००५ या काळातील हा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. १,९५५ आरोग्यसेवकांपैकी ४८४ जणांनी तीन वर्षांत ५५७ संपर्कांची नोंद केली. म्हणजे दर चार सेवकांपैकी जवळजवळ एकास असा प्रसंग आला. सर्वाधिक प्रमाण शिकाऊ वैद्यांत आढळले. अंतर्वासिता (इंटर्नशिप) करणाऱ्यांत ते दर १०० व्यक्ति-वर्षांमागे ४७ होते, तर सर्व सेवक मिळून ते ९.५ होते. हातमोजे आदी संरक्षक साधने फक्त ५५% प्रसंगी वापरात होती. अधिक धोक्याच्या ३३९ प्रसंगांपैकी २६५ मध्ये औषधाची पहिली मात्रा लगेच दिली गेली. परंतु रुग्ण बाधित नसल्याचे सिद्ध झालेली प्रकरणे वगळता, अधिक धोक्याच्या प्रकरणांपैकी ४८ टक्क्यांतच पुढील चिकित्सा सुरू झाली आणि सुरू करणाऱ्यांपैकी निम्म्यांनीच ती पूर्ण केली. ह्या काळात कोणासही एचआयव्हीचा संसर्ग झाल्याचे आढळले नाही. रुग्णालयव्यापी कार्यक्रम जसा रुळत गेला, तसे अधिक धोक्याच्या संपर्कांचे प्रमाण घटले व अशा संपर्कांनंतर औषध घेण्याचे प्रमाण २००३ मधील ४४ टक्क्यांवरून २००५ मध्ये १०० टक्क्यांवर गेले.

ह्या आकड्यांवरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, पहिली मात्रा घेणे आणि २८ दिवस औषध चालू ठेवणे ह्या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. सुई टोचताना भीती असते; पण दहा दिवसांनी ती ओसरते, मळमळ मात्र चालू राहते आणि पाळ्यांचे काम सुटत नाही. दोन, एकाच रुग्णालयात, त्याच सेवकांमध्ये, तीन वर्षांत वर्तन बदलू शकते. तसा बदल व्याख्यानांपेक्षा ठरलेली जागा, ठरलेला जबाबदार वैद्य आणि तयार असलेले औषध यांमुळे अधिक होतो.

मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील १९९८ ते २००३ या सहा वर्षांच्या नोंदींत ३८० सेवकांनी सुई टोचल्याचे कळविले होते. त्यांत ४५% परिचारिका, ३३% मदतनीस, ११% वैद्य व ११% तंत्रज्ञ होते. मदतनिसांचा हा तृतीयांश वाटा ध्यानात घेण्यासारखा आहे. त्यांना सुई टोचते ती बहुधा स्वतः वापरलेली नसते. दुसऱ्या कोणीतरी खाटेवर, चादरीत किंवा चुकीच्या पिशवीत टाकलेली असते. प्रशिक्षणाचे वर्ग मात्र बहुतेक वेळा वैद्य व परिचारिका यांच्यापुरतेच भरविले जातात. कंत्राटी सफाई कामगार वारंवार बदलत असल्याने त्यांच्यापर्यंत ही माहिती सर्वांत कमी पोहोचते.

नोंद न होण्याची कारणे अनेक आहेत. ‘रुग्ण चांगल्या घरचा दिसतो’ ह्यासारखे समज, टोचलेली जागा लहान असल्याने वाटणारी निश्चिंतता, वरिष्ठ निष्काळजी म्हणतील ही धास्ती, रात्रपाळीत कोणास कळवावे हे ठाऊक नसणे, कंत्राट जाण्याचे भय आणि स्वतःची तपासणी होऊन निकाल सर्वत्र पसरेल ही भीती, ही त्यांतील प्रमुख होत. काही जण नोंद न करता परस्पर औषधाच्या दुकानातून गोळ्या घेतात किंवा ओळखीच्या वैद्याकडून एखादी मात्रा मिळवितात. अशा वेळी प्राथमिक तपासणी होत नाही, ब यकृतशोथाचा विचार राहून जातो व पुढे काही उद्भवल्यास त्याचा कामाशी संबंध दाखविता येत नाही.

ठाणे-कल्याण परिसर : बाधित व्यक्तींच्या संख्येत महाराष्ट्र देशात प्रथम क्रमांकावर असून राज्यात त्यांची संख्या सु. चार लाख आहे. मुंबईलगतच्या ठाणे जिल्ह्यात आरोग्यसेवेची रचना अनेकपदरी आहे. टेंभी नाका येथील विठ्ठल सायन्ना जिल्हा सामान्य रुग्णालय हे शासकीय रुग्णालय लोकांत ‘सिव्हिल’ म्हणून परिचित आहे. ठाणे महानगरपालिकेचे कळवा येथील छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय हे वैद्यकीय महाविद्यालयास जोडलेले असून तेथे अंतर्वासी व निवासी वैद्य काम करतात. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेची रुक्मिणीबाई रुग्णालय (कल्याण) व शास्त्रीनगर रुग्णालय (डोंबिवली) ही रुग्णालये आणि उल्हासनगर येथील शासकीय मध्यवर्ती रुग्णालय हे ह्या परिसरातील अन्य प्रमुख आधार होत. ह्यांखेरीज वसाहतींतून विखुरलेली लहान प्रसूतिगृहे, शुश्रूषागृहे, दंतचिकित्सालये व रक्ततपासणी प्रयोगशाळा यांची संख्या फार मोठी आहे.

मोठ्या रुग्णालयात औषध, तपासणी व समुपदेशन एकाच आवारात मिळू शकते. लहान शुश्रूषागृहात दोन-तीन परिचारिका व एक मदतनीस इतकाच सेवकवर्ग असतो; तेथे औषधाचा साठा असेलच असे नाही. डोंबिवलीतील अशा एखाद्या ठिकाणी मध्यरात्री प्रसूतीच्या वेळी सुई टोचल्यास तेथील आयाने कोठे जावे, हे आधी ठरलेले नसेल तर दोन तासांची मर्यादा सहज ओलांडली जाते. कल्याण व ठाणे यांमधील लोहमार्गाचे अंतर सु. २० किमी.च आहे, पण रात्री लोकल गाड्या काही तास बंद असतात व पाळी सोडून जाण्यास परवानगी लागते. म्हणून जवळचे शासकीय वा महानगरपालिकेचे रुग्णालय, तेथील अपघात विभाग व जबाबदार वैद्य यांची माहिती प्रत्येक संस्थेत भिंतीवर मराठीत लावलेली असणे आणि पहिल्या मात्रेपुरता तरी औषधाचा साठा जवळ असणे ही व्यवस्था उपयुक्त ठरते. टेंभी नाक्यावरील जुन्या इमारतींच्या जागी नवे रुग्णालय उभारण्यासाठी २०२३ च्या सुमारास सिव्हिलच्या सेवा ठाणे येथील प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या आवारात हलविण्यात आल्या. अशा स्थलांतराच्या वेळी विभागांच्या जागा बदलतात व वर्षानुवर्षांची सवय उपयोगी पडत नाही. म्हणून औषध कोठे ठेवले आहे, हे प्रत्येक पाळीतील सेवकास नव्याने सांगावे लागते. राष्ट्रीय एड्स मदतवाहिनीवर १०९७ ह्या क्रमांकावरून विनाशुल्क माहिती मिळते.

कायदेशीर तरतुदी : एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आला. त्याच्या कलम १९ अन्वये आरोग्यसेवा देणाऱ्या प्रत्येक आस्थापनेने, कामामुळे एचआयव्हीशी संपर्क येऊ शकेल अशा सर्व व्यक्तींना सार्वत्रिक दक्षतेची साधने, ती वापरण्याचे प्रशिक्षण आणि संपर्कोत्तर प्रतिबंधक चिकित्सा पुरविणे बंधनकारक आहे. ह्या सोयी उपलब्ध असल्याची माहिती सेवकांना देणे हेही आस्थापनेचेच कर्तव्य आहे. ‘तेथे काम करणाऱ्या सर्व व्यक्ती’ अशी कायद्याची भाषा असल्याने वैद्य व सफाई कामगार यांत भेद करता येत नाही. त्याच अधिनियमाने बाधित व्यक्तींस उपचार नाकारणे हा भेदभाव ठरविला असून, संमतीवाचून तपासणी करण्यास व तपासणीचा निकाल उघड करण्यास बंदी घातली आहे. ह्या दोन्ही बाजू परस्परपूरक आहेत. आपल्याला संरक्षण नाही असे वाटणारा सेवक बाधित रुग्णाची शुश्रूषा टाळतो. संरक्षणाची खात्री असलेला सेवक ती निर्धास्तपणे करू शकतो. सेवकांची सुरक्षितता राखणे हा अशा रीतीने रुग्णांचा हक्क राखण्याचाही मार्ग ठरतो.

जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम २०१६ यांनुसार सुया, पाती इ. अणकुचीदार कचरा पांढऱ्या, अर्धपारदर्शक, भेदता न येणाऱ्या डब्यात गोळा करावा लागतो. कचरा हाताळणाऱ्यांसह सर्व आरोग्यसेवकांना ब यकृतशोथ व धनुर्वात यांविरुद्धच्या लशी देणे व घडलेल्या अपघातांची नोंद ठेवणे हेही आस्थापनेवर बंधनकारक आहे.

संपर्क टाळण्याचे उपाय : प्रतिबंधक चिकित्सा ही दुसरी तटबंदी होय; पहिली तटबंदी म्हणजे संपर्कच घडू न देणे. वापरलेल्या सुईवर टोपण पुन्हा न बसविणे, अपरिहार्य असेल तेव्हा ते एका हाताने उचलण्याची रीत वापरणे, सुई वापरणाऱ्यानेच ती तेथल्या तेथे कापून डब्यात टाकणे, डबा तीन-चतुर्थांश भरताच बदलणे, शस्त्रक्रियेच्या वेळी पाते हातोहात न देता तबकातून देणे आणि हातमोजे, चष्मा व एप्रन यांचा वापर करणे हे त्यासाठीचे साधे नियम आहेत. हातमोज्याने सुई अडत नाही. पण तिच्यावरील रक्ताचा काही भाग पुसला जातो व धोका कमी होतो. अनावश्यक इंजेक्शने टाळणे हाही एक परिणामकारक उपाय आहे. गोळ्यांनी भागत असता सुई टोचून घेण्याकडे रुग्णांचा असलेला ओढा व तो पुरविण्याची काही वैद्यांची प्रवृत्ती यांमुळे रक्ताने माखलेल्या सुयांची संख्या विनाकारण वाढते.

जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत ही चिकित्सा मोठ्या रुग्णालयांपुरती मर्यादित न ठेवता वस्तीपातळीवरील केंद्रांतूनही मिळावी आणि औषधविक्रेते, परिचारिका इ. प्रशिक्षित सेवकांनाही ती सुरू करता यावी, अशी शिफारस आहे. औषधाची पहिली मात्रा संपर्कस्थळाच्या जितकी जवळ मिळेल तितकी चिकित्सा अधिक फलद्रूप होते, हे त्यामागील तत्त्व होय.